कॅम्पर ट्रेलर घेऊन ऊडनाडाटा ट्रॅकवर : आधी वजनकाटा, मग रस्ता

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण मेलबर्नमध्ये राहता आणि नुकताच एक वापरलेला कॅम्पर ट्रेलर, म्हणजे मुक्कामी उघडून आत झोपता येणारा ट्रेलर, घेतला आहे. जून-जुलैच्या सुट्टीत आपण दोघे, दोन मुले आणि पुण्याहून आलेल्या आपल्या आई अशा पाच जणांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातील ऊडनाडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्यावर, वस्तीपासून दूर मुक्काम करत जावे असा बेत आहे. गाडी डिझेलवर चालणारी फोर-व्हील ड्राइव्ह असून तिची ओढण्याची क्षमता ३,००० किलो आहे. ट्रेलर रिकामा १,१८० किलोचा आहे आणि सामानासह त्याचे कमाल अनुज्ञेय वजन, म्हणजे एटीएम, १,६०० किलो आहे. गाडीची ताकद दुपटीच्या जवळ असल्याने काळजीचे कारण नाही ना, आणि आईंना हा प्रवास झेपेल का, असे आपण विचारले आहे.

बेत करण्याजोगा आहे आणि हंगामही योग्य निवडला आहे. मी ॲडलेडमध्ये राहते आणि गेली सोळा वर्षे जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात ट्रेलर घेऊन या भागात जाते. त्या अनुभवावरून मला ‘दुपटीची ताकद’ हा हिशेबच आधी बाजूला ठेवायला सांगावेसे वाटते. ३,००० किलो हा आकडा इंजिन, चौकट आणि ट्रेलर जोडायचा टो-बार किती ओढू शकतात एवढेच सांगतो. अशा प्रवासात सर्वांत आधी संपते ती गाडीचे स्वतःचे वजन आणि तिच्या अंगावरचा सगळा भार मिळून ठरलेली मर्यादा, म्हणजे जीव्हीएम. आपल्या वर्गातील बहुतेक गाड्यांत त्या मर्यादेतून गाडीचे स्वतःचे वजन वजा जाता माणसे, सामान आणि नंतर बसवलेल्या वस्तू मिळून साधारण ६०० ते ७०० किलोंची सोय असते. पाच माणसांचे ३२० किलो धरा, पुढचा लोखंडी बुलबार साठ किलोंचा धरा, आणि ट्रेलरची दांडी टो-बारवर जो भार टाकते तो, म्हणजे साधारण १६० किलो, त्यात मिळवा, कारण तोही गाडीच्याच खात्यावर जमा होतो. एवढ्यातच ५४० किलो झाले. टपावरची कॅरिअर, दुसरी बॅटरी, डिकीतली अवजारे आणि कपड्यांच्या बॅगा अजून चढायच्याच आहेत. शिवाय टो-बारवरचा भार मागच्या आसाच्याही मागे लटकलेला असल्यामुळे मागच्या चाकांवर तो प्रत्यक्षाहून जास्त पडतो आणि पुढची चाके तेवढी हलकी होतात. अशा गाडीचे स्टिअरिंग हातात सैल जाणवते आणि ब्रेक लागायला अंतर अधिक लागते.

ट्रेलरचा हिशेबही याच रीतीने करावा. एटीएममधून रिकामे वजन वजा केल्यावर आपल्याकडे ४२० किलो उरतात. पाण्याच्या टाकीचे शंभर किलो, गॅसच्या दोन नळकांड्यांचे वीस, बॅटरीचे तीस, भरलेल्या फ्रिजचे साठ, पुढचा मांडव आणि त्याचे खांब मिळून चाळीस, डिझेलच्या दोन कॅनचे चाळीस-बेचाळीस, खुर्च्या-टेबल-अंथरुणे साठ, मुलांच्या सायकली पंचवीस, धान्य, डबे आणि कपडे ऐंशी. ही बेरीज मर्यादेच्या पुढे जाते, आणि यातली एकही वस्तू चैनीची म्हणता येत नाही. म्हणूनच निघण्यापूर्वी, सर्व सामान भरून आणि पाचही जण बसून, सार्वजनिक वजनकाट्यावर जाणे मी अनिवार्य मानते.

काट्यावर तीन वजने घ्यावीत. पहिले वजन ट्रेलर सोडवून ठेवलेल्या, माणसांसह भरलेल्या गाडीचे. दुसरे ट्रेलर जोडलेला असताना, पण फक्त गाडीची चारही चाके काट्यावर असताना. तिसरे ट्रेलर जोडलेला असतानाच, फक्त ट्रेलरच्या चाकांचे. दुसऱ्यातून पहिले वजा केले की टो-बारवरचा भार मिळतो. तो भार तिसऱ्या वजनात मिळवला की ट्रेलरचे खरे एकूण वजन कळते, आणि दुसरे वजन जीव्हीएमच्या आत असायला हवे. गाडी व ट्रेलर मिळून होणाऱ्या एकूण वजनाची जी वेगळी मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, ती दुसऱ्या व तिसऱ्या वजनाच्या बेरजेशी ताडून पाहावी. टो-बारवरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावा, असा येथील सर्वसाधारण संकेत आहे.

हा दहा टक्क्यांचा संकेत का, हे आपल्या आई कदाचित अधिक लवकर समजावून सांगतील. बैलगाडीत मागे जास्त भार पडला की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि बैलांना चालणे कठीण होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही. ट्रेलर उलार झाला की ताशी नव्वदच्या वेगाला त्याची शेपटी डावी-उजवीकडे झुलू लागते आणि प्रत्येक झोक्यागणिक झोका वाढतो. त्यामुळे जड वस्तू आसाच्या वर किंवा किंचित पुढे, आणि शक्य तितक्या खाली ठेवाव्यात. सायकली आणि डिझेलचे कॅन मागच्या टोकाला टांगण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि तीच सर्वांत घातक आहे. झुलणे सुरू झालेच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवावे आणि गाडीत बसवलेल्या नियंत्रकावरून केवळ ट्रेलरचे ब्रेक हलके लावावेत. गाडीचे ब्रेक जोरात दाबू नयेत. आपल्या वजनाच्या ट्रेलरला ब्रेक असणे कायद्यानेच बंधनकारक आहे. ते विजेवर चालणारे आहेत आणि त्यांचा नियंत्रक चालकाच्या हाताशी आहे, याची खात्री करून घ्यावी.

जोडणीबद्दल थोडक्यात सांगते. शहरात चालणारा ५० मिलिमीटरचा गोळा खडबडीत रस्त्यावर पुरेसा फिरत नाही. गाडी एका बाजूला आणि ट्रेलर दुसऱ्या बाजूला कलला की तो अडतो. सर्व दिशांना फिरणारे ऑफ-रोड कपलिंग बसवून घ्यावे आणि सुरक्षेच्या साखळ्या दांडीखालून एकमेकींवर फुली करून लावाव्यात.

आता रस्त्याविषयी. मारी ते मार्ला हा ऊडनाडाटा ट्रॅक साधारण ६२० किलोमीटरचा आहे. मारी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि मार्ला या चार ठिकाणी इंधन मिळते, आणि त्यांच्यामधली अंतरे प्रत्येकी दोनशे किलोमीटरच्या जवळपास आहेत. ट्रेलर ओढताना आपल्या गाडीला शंभर किलोमीटरला पंधरा-सोळा लिटर डिझेल लागेल असे धरले, तरी एका टप्प्याला पस्तीस लिटरांच्या आत काम होते. म्हणजे गाडीची टाकी प्रत्येक ठिकाणी भरत गेल्यास जादा कॅनची गरज नाही, आणि ट्रेलरवरचे बेचाळीस किलो तिथल्या तिथे कमी झाले. याच भागातल्या बर्ड्सव्हिल ट्रॅकवर मात्र मंगेरॅनी ते बर्ड्सव्हिल हा टप्पा तीनशे किलोमीटरहून मोठा आहे, त्यामुळे तेथे हा निर्णय वेगळा करावा लागतो.

रस्ता मुरमाचा आहे. कोरड्या हवामानात तो चांगला असतो, पण त्यावर मैलोनमैल पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडलेल्या असतात. ताशी नव्वदने गेले तर गाडी वळ्यांच्या माथ्यांवरून तरंगत जाते, असा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. एकट्या गाडीच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. ट्रेलर मात्र तसा तरंगत नाही. त्याचे शॉक ॲब्सॉर्बर तापत जातात, आतले तेल पातळ होऊन ते निकामी होतात, आणि मग सगळा मार पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगवर, येतो. आमच्या ट्रेलरचा मुख्य पाटा तुटला तो असाच, विल्यम क्रीकच्या अलीकडे, दुपारी. आवाज फारसा झाला नव्हता. आरशात ट्रेलर एका बाजूला किंचित झुकलेला दिसला म्हणून थांबलो, तर आस एका बाजूने चार बोटे मागे सरकला होता आणि टायर चिखलरोधकाला घासून काळा धूर येत होता. त्या वर्षी आम्ही काट्यावर गेलो नव्हतो, आणि नंतर घरी येऊन वजन केले तेव्हा ट्रेलर मर्यादेपेक्षा १४० किलोंनी जड निघाला. त्यानंतर मी वळ्यांवर ताशी साठच्या पुढे जात नाही, आणि त्या वेगाने दिवसाला अडीचशे किलोमीटर पुरेसे मानते.

वेगाइतकेच महत्त्व टायरमधल्या हवेला आहे. डांबरी रस्त्यावर आपण जी हवा ठेवता, तिच्यापेक्षा मुरमावर वीस ते पंचवीस टक्के कमी ठेवावी, म्हणजे ३८ पीएसआयच्या जागी साधारण ३० किंवा त्याहून थोडी कमी. मऊ वाळूत रुतण्याची वेळ आली तर १८ पर्यंत उतरावे आणि तेथून बाहेर पडताच पुन्हा भरावी. हे गाडीच्या टायरांना जितके लागू आहे तितकेच ट्रेलरच्या टायरांनाही आहे, पण नवशिके ट्रेलरचे टायर हमखास विसरतात. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी आणि तासभर चालल्यावर पुन्हा मोजावी. जाड बांध्याच्या फोर-व्हील ड्राइव्ह टायरमध्ये ती साधारण ६ पीएसआयने वाढलेली असावी. त्याहून बरीच जास्त वाढली असेल तर टायर अती तापतो आहे, म्हणजे सुरुवातीची हवा त्या वजनाला आणि वेगाला कमी पडली. अशा वेळी गरम टायरमधली हवा काढून टाकण्याचा मोह होतो, पण ते उलटे आहे. वेग कमी करावा किंवा दुसऱ्या दिवशी थोडी जास्त हवा भरून निघावे. हवा भरण्याचा छोटा कंप्रेसर आणि चांगला मापक या दोन वस्तूंवर काटकसर करू नये. ट्रेलरची चाके गाडीच्याच मापाची आणि त्याच नट-मांडणीची करून घेता आली, तर एकमेकांची स्टेपनी वापरता येते.

गाडीच्या मागच्या चाकांनी उडवलेले दगड ट्रेलरच्या पुढच्या पेटीवर आदळतात आणि तेथून उलट फिरून गाडीच्या मागच्या काचेवर येतात, हे अनेकांना पहिली काच फुटेपर्यंत ठाऊक नसते. ट्रेलरच्या दांडीवर तिरकी जाळी बसवावी, म्हणजे दगड खाली वळतात, आणि मागच्या काचेवर बाहेरून जाड पुठ्ठा किंवा फोम चिकटवावा. हेच दगड ट्रेलरच्या पोटाखालच्या पाण्याच्या नळ्याही कापतात. एका मुक्कामी नळ उघडला तर पाण्याची बारीकशी धार आली आणि थांबली. ऐंशी लिटर पाणी कुठेतरी रस्त्यावर सांडून गेले होते. तेव्हापासून पिण्याचे पाणी मी दोन-तीन वेगळ्या कॅनमध्ये, गाडीच्या आत ठेवते. माणशी दिवसाला दहा लिटरचा हिशेब धरावा आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा दोन दिवसांचे पाणी जास्त असावे. टाकी एकतर पूर्ण भरावी किंवा रिकामी ठेवावी, कारण अर्धवट टाकीतले पाणी प्रत्येक वळणावर हिंदकळते.

बेअरिंगची तपासणी दर थांब्याला करावी, आणि ती हातानेच होते. थांबल्याबरोबर तळहाताची मागची बाजू चाकाच्या मध्यभागी असलेल्या हबजवळ न्यावी आणि मग हळूच टेकवावी. हब कोमट असेल तर ठीक. हात टेकवून ठेवता येत नसेल तर बेअरिंग तरी सुकले आहे किंवा ब्रेक तरी अडकला आहे. निघण्यापूर्वी बेअरिंग उघडून साफ करून नवे ग्रीस भरून घ्यावे, कारण वापरलेल्या ट्रेलरच्या मागच्या मालकाने ते केव्हा केले असेल यावर विसंबणे धोक्याचे आहे. एक जोडी बेअरिंग, सील, ग्रीसचा डबा आणि ते बदलण्याची अवजारे सोबत असावीत. पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर एकदा पान्याने आवळून पाहावेत, तसेच चाकांचे नटही.

धुरळा आणि फुफाटा यांत फरक आहे. धुरळा फक्त आत येतो. फुफाटा म्हणजे खड्ड्यात साचलेली, मैद्यासारखी मऊ माती; वरून रस्ता सपाट दिसतो आणि खाली हातभर खोल खड्डा असतो. रस्त्याचा रंग एकाएकी फिकट आणि गुळगुळीत दिसला की वेग उतरवावा. ट्रेलरच्या आत हवेचा दाब कमी झाल्याने धूळ खेचली जाते, म्हणून मागची आणि खालची भोके टेपने बंद करून पुढे, उंचावर हवा आत येण्याची एकच वाट ठेवावी. डाळ, पीठ, मसाले हे घट्ट फिरकीच्या झाकणाच्या डब्यांतच न्यावेत.

मुलांच्या सुट्टीचे दिवस मोजके असल्याने पुढची गोष्ट पाळणे आपल्याला जड जाईल, पण तिला तडजोड नाही. पाऊस पडला की थांबावे. तेथील माती चिकण आहे आणि थोड्या सरींनीही रस्ता साबणासारखा होतो. राज्य सरकार आउटबॅकच्या, म्हणजे विरळ वस्तीच्या अंतर्भागातल्या, रस्त्यांची स्थिती रोज जाहीर करते, आणि बंद केलेल्या रस्त्यावर गाडी घालणे हा दंडनीय गुन्हा आहे. शिवाय ओल्या रस्त्यावर पडलेल्या खोल चाकोऱ्या वाळल्यावर दगडासारख्या होतात आणि पुढे महिनोन्‌महिने तेथील पशुपालकांना त्यांवरून जावे लागते. बेतात दोन दिवस मोकळे ठेवावेत. सूर्यास्तापूर्वी तासभर आधी मुक्कामाला पोहोचावे, कारण कांगारू आणि मोकाट गुरे संधिकाळीच रस्त्यावर येतात.

मारीच्या पुढे बहुतेक अंतरात मोबाइल चालत नाही. एक उपग्रह फोन भाड्याने घ्यावा आणि ४०६ मेगाहर्ट्‌झचा वैयक्तिक आपत्कालीन संकेतक विकत घेऊन त्याची नोंदणी करावी. ती विनामूल्य होते. रस्त्यावरच्या इतर वाहनांशी बोलण्यासाठी यूएचएफ रेडिओ चॅनेल ४० वर ठेवावा. समोरून येणाऱ्या रोड ट्रेनची, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेल्या मालट्रकची, लांबी ५० मीटरहून जास्त असू शकते. ती दिसली की कडेला घेऊन थांबावे आणि धूळ बसेपर्यंत निघू नये. आणि गाडी बंद पडली किंवा रुतली, तर ती सोडून कोणीही चालत जाऊ नये. १९९८ च्या डिसेंबरात काटी थांडा-लेक एअर या खाऱ्या सरोवराच्या काठावर ऑस्ट्रियातून आलेल्या दोन पर्यटकांची गाडी वाळूत रुतली. तळावर पाणी होते, तरी त्यांच्यापैकी एक तरुणी मदत आणायला विल्यम क्रीकच्या दिशेने चालत गेली आणि उन्हाने वाटेतच मरण पावली. तिच्यासोबत निघून वाटेतून गाडीजवळ परतलेला तिचा सोबती वाचला. ऊडनाडाटा येथे २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. जुलैत ते दिवस नसतात, पण नियम तोच.

मुक्कामाची जागा निवडताना कोरड्या ओढ्याचे पात्र टाळावे, कारण पाऊस शंभर किलोमीटरवर पडला तरी पाणी तेथे येते. ओढ्याकाठच्या रेड गम या निलगिरीच्या झाडांखाली तंबू ठोकू नये; त्यांच्या जड फांद्या वारा नसतानाही अचानक तुटतात. गुरांच्या पाण्याच्या हौदाजवळ उतरू नये, कारण माणसे दिसली की गुरे पाण्याला येत नाहीत आणि तहानलेली राहतात. फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंद ठेवावे.

आपल्या आईंबद्दल सांगायचे तर त्यांना त्रास होईल तो रस्त्याचा नव्हे, तर रात्रीच्या थंडीचा आणि ट्रेलरच्या शिडीचा. जुलैत रात्री तापमान शून्याच्या जवळ जाते. उंचावरच्या बिछान्यावरून अंधारात उतरणे त्या वयात ठीक नाही, म्हणून त्यांच्यासाठी मांडवाच्या आत जमिनीलगत घडीची खाट आणि खाली जाड लोकरी घोंगडी असावी. काउअर्ड स्प्रिंग्सच्या तळावर शौचालये आणि लाकडावर तापवलेल्या पाण्याची स्नानगृहे आहेत, आणि विल्यम क्रीकला खोली घेऊन एक रात्र भिंतींच्या आत झोपता येते. मिल्ड्युराकडून आलात तर रेनमार्कजवळच्या याम्बा येथे फळमाशी-प्रतिबंधक चौकी आहे. लिंबे, टोमॅटो, हिरव्या मिरच्या तेथे काढून द्याव्या लागतात, म्हणून ताजी खरेदी पोर्ट ऑगस्टात करावी.

पहिल्या खेपेला मी सबंध ट्रॅक करू नये असे सुचवीन. फ्लिंडर्स पर्वतरांगेत विल्पेनाजवळ दोन रात्री, तेथे ट्रेलर उघडण्या-मिटण्याचा सराव. मग मारी. हे उंटवाल्यांचे जुने गाव. १८६० साली आपल्या मेलबर्नहून निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेचे उंट कराचीहून जहाजाने आणले होते, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. आईंना हे ऐकायला आवडेल. तेथून काउअर्ड स्प्रिंग्सला दोन रात्री, जवळचे ब्लँच कप आणि बबलर हे जमिनीतून उमलणारे झरे, आणि पुढे विल्यम क्रीक. तेथून लेक एअरच्या काठावरच्या हॅलिगन बेला जायचे असल्यास ट्रेलर विल्यम क्रीकलाच सोडावा, कारण ती साठेक किलोमीटरची वाट खडबडीत आहे. परतताना विल्यम क्रीकहून कूबर पीडीकडे जाणारा १६६ किलोमीटरचा कच्चा रस्ता घेऊन डांबरी स्टुअर्ट महामार्गाला लागावे. सिम्पसन वाळवंट ओलांडण्याचा विचार ट्रेलरसह कधीही करू नये. तेथील शेकडो टेकड्यांचे माथे ट्रेलर उकरून टाकतात आणि मागून येणाऱ्यांचा मार्ग बंद होतो.

वजनकाट्यावरचे तिन्ही आकडे आणि गाडीच्या पुस्तिकेतील जीव्हीएम मला कळवा, म्हणजे कोणते सामान मेलबर्नमध्येच ठेवायचे ते नेमके सांगता येईल. सायकलींपासून सुरुवात करावी लागेल, हे मुलांना आताच सांगून ठेवा.